'डार्कलिंग' आणि बिनदिव्याची माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने थॉमस हार्डी या इंग्रज कवीच्या 'द डार्कलिंग थ्रश' या कवितेचा मराठी अनुवाद केला आणि शीर्षक दिलं 'अंधारलेला कस्तुर' (थ्रश म्हणजे कस्तुर, एक गाणारा पक्षी). सरांनी त्या शीर्षकाखाली लाल रेघ मारली आणि बाजूला 'शब्द नीट बघ' एवढंच लिहिलं. तिने शब्दकोश पाहिला, तर तिथे 'अंधारा' हाही अर्थ आणि 'अंधारात' हाही. मग हे विशेषण की क्रियाविशेषण? कवींना या शब्दाचं एवढं काय आहे? आणि मराठीत तो आणायचा कसा?

रेघ बरोबर ठिकाणी पडली आहे, पण तुमची चूक तशी शहाण्या माणसाचीच चूक आहे. हा शब्द दिसतो एक आणि असतो दुसराच. इंग्रजी कविता मराठीत आणण्याचं काम मी तीसेक वर्षं करतो आहे, आणि पहिली काही वर्षं मीही 'डार्कलिंग' दिसला की डोळे झाकून 'अंधारलेला' लिहून मोकळा होत असे.

आधी शब्दाची घडण पाहू. त्याचं शेपूट 'इंग' नाही, 'लिंग' आहे. इंग्रजीत हे 'लिंग' दोन प्रकारचं. एक लहानपण किंवा लाड दाखवणारं: 'डकलिंग' म्हणजे बदकाचं पिल्लू, 'डार्लिंग' म्हणजे 'डिअर'चं लाडकं रूप. दुसरं जुन्या इंग्रजीतलं, आता जवळजवळ मेलेलं. ते एखाद्या शब्दाला लागलं की 'त्या दिशेने', 'त्या स्थितीत' असं क्रियाविशेषण तयार व्हायचं. आजचा 'हेडलाँग' मूळचा 'हेडलिंग', म्हणजे डोकं पुढे करून, धाडकन. 'साइडलाँग' मूळचा 'साइडलिंग'. शेपटाचा अर्थ लोक विसरले, तेव्हा त्यांनी ते ओळखीच्या 'लाँग'मध्ये बदलून टाकलं. 'डार्कलिंग' या दुसऱ्या घराण्यातला. पंधराव्या शतकापासून तो इंग्रजीत सापडतो आणि त्याचा सरळ अर्थ 'अंधारात असताना, उजेडाविना'.

याच घराण्यातल्या 'ग्रॉव्हलिंग'ची गंमत ऐका. त्याचा मूळ अर्थ 'पालथा, तोंडावर पडलेला'. 'तो ग्रॉव्हलिंग पडला' म्हणजे तो पालथा पडला, एवढंच. पण शेवटी 'इंग' ऐकू येतं म्हटल्यावर लोकांना वाटलं की हे क्रियापदाचं रूप असणार, आणि मागे कुठेतरी 'ग्रॉव्हल' नावाचं क्रियापद असणार. नव्हतं, म्हणून त्यांनी ते बनवलं. आज 'ग्रॉव्हल' म्हणजे लोटांगण घालणं, पाय धरणं, आणि ते क्रियापद असं चुकून जन्माला आलं आहे हे फारसं कोणाला ठाऊकही नसतं.

'डार्कलिंग'च्या नशिबीही हेच आलं. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या शब्दकोशातली नोंद मला फार आवडते. ते लिहितात की हे 'डार्कल' या क्रियापदाचं रूप असावं असं दिसतं, पण ते क्रियापद मला कधी आढळलेलं नाही. किंवा 'यंग'वरून जसं 'यंगलिंग' तसं हे 'डार्क'चं लघुरूप असेल. दोन्ही अंदाज चुकले, पण प्रामाणिकपणा बघा! पुढे ते अर्थ देतात, 'अंधारात असणं, उजेडाविना असणं', आणि शेरा मारतात की हा शब्द केवळ काव्यातला आहे. त्यांना न सापडलेलं 'डार्कल' पुढच्या पिढ्यांनी खरंच घडवलं. बायरनने तर 'स्पार्कल'ला यमक म्हणून ते बसवूनही टाकलं.

आता मराठी कानाने ऐका. आपण म्हणतो, 'तो उपाशी झोपला', 'ती अनवाणी आली', 'पोरं विनातिकीट गेली'. यातला 'उपाशी' हा झोपेचा गुण नाही आणि त्या माणसाचा कायमचा गुणही नाही. झोपताना तो कोणत्या अवस्थेत होता, ते हा शब्द सांगतो. 'डार्कलिंग' याच पंगतीत बसतो. 'सिंग्ज डार्कलिंग' या रचनेत 'डार्कलिंग'चं काम तेच, जे 'अनवाणी चालते' यात 'अनवाणी'चं. काळोख किती आहे, कसा आहे, निळा की मिट्ट, याबद्दल हा शब्द अवाक्षर काढत नाही. काळोखात कोणीतरी आहे आणि त्याच्याजवळ दिवा नाही, एवढंच तो सांगतो. आमच्याकडे म्हातारी माणसं बजावायची, 'रात्रीचा बिनदिव्याचा हिंडू नकोस.' त्यातला 'बिनदिव्याचा' हा मला 'डार्कलिंग'चा सगळ्यात जवळचा नातेवाईक वाटतो. कवितेत तो बसत नाही, हे मान्य.

ही एक गोष्ट धरून ठेवलीत की कवींनी काय केलं ते उलगडत जातं. कारण प्रत्येकाने काळोखात वेगळा माणूस बसवला आहे.

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये, पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात, विदूषक राजाला ऐकवतो की चिमणीसारख्या एका पाखराने कोकिळेच्या जातीच्या पिल्लाला इतके दिवस भरवलं, की त्या पिल्लाने शेवटी तिचंच डोकं तोडलं. कावळ्याच्या घरट्यातलं कोकिळेचं अंडं आपल्याला नवं नाही, त्यामुळे मराठी वाचकाला इथे तळटीप लागत नाही. पोरींना राज्य वाटून बसलेल्या म्हाताऱ्याला हा टोला आहे. आणि त्याच्या लगेच पुढचं वाक्य: मेणबत्ती विझली, आणि आपण राहिलो डार्कलिंग. इथे शब्द अगदी घरगुती आहे, काव्यबिव्य काही नाही. एखाद्या म्हणीच्या शेपटासारखा तो येतो. म्हणून मी इथे 'मेणबत्ती गेली विझून, अन् आपण बसलो अंधारात' असं लिहीन. यात 'बसलो' हे क्रियापद महत्त्वाचं. 'काय करून बसलो' यातला पश्चात्ताप त्यात फुकटात येतो. विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' हाताशी असेल तर हा प्रवेश तिथे जरूर वाचा. विदूषकाची भाषा मराठीत कशी चालवायची याचा धडा आहे तो.

'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये रानात पळून चाललेल्या डेमेट्रियसला हेलेना विचारते, मला डार्कलिंग सोडून जाणार का? तिथे 'अशा अंधारात टाकून चाललास मला?' एवढं पुरे. जास्त काही केलंत की ती नाटकी वाटायला लागते, आणि ती बिचारी आधीच बरीच नाटकी आहे.

मिल्टनपाशी मात्र थांबायला हवं. 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या कितीतरी आधी, १६५२ पर्यंत, मिल्टनची दृष्टी पूर्ण गेली होती आणि हे महाकाव्य त्याने तोंडी सांगून लिहून घेतलं. तिसऱ्या सर्गाची सुरुवात प्रकाशाला वंदन करून होते. ऋतू परत येतात, पण माझ्याकडे दिवस परत येत नाही, असं तो तिथे म्हणतो. आणि त्याच ओघात, आपल्या मनात ओळी आपोआप कशा जुळत जातात हे सांगताना, तो जागत्या पाखराची उपमा देतो. दाट पालवीत दडून ते पाखरू 'सिंग्ज डार्कलिंग', अंधारात गातं. पाखरू म्हणजे नाइटिंगेल. पण अंधारात खरं कोण बसलं आहे ते सांगायला नको. या जागेनंतर इंग्रजी कवितेत 'डार्कलिंग' हा शब्द, गाणारं पाखरू आणि न दिसणारा कवी अशी त्रिकूटाची सांगड बसली ती बसलीच.

ही ओळ मराठीत आणताना मला एक जुनी वाट सापडली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. मराठीत एके काळी 'त' प्रत्ययाशिवायच सप्तमी व्हायची: घरीं, दारीं, वनीं, रानीं. आज त्यातली 'घरी', 'सकाळी', 'रात्री' अशी मोजकी रूपं बोलण्यात उरली आहेत, बाकीची कवितेत आणि गाण्यात. म्हणजे इंग्रजीतल्या त्या मेलेल्या 'लिंग'सारखंच आपलंही हे सरत आलेलं शेपूट. मग 'सिंग्ज डार्कलिंग'साठी 'अंधारी गाते' का नको? जुनेपण येतं, लय राहते, अर्थ नेमका येतो. धोका एकच: 'अंधारी खोली'मध्ये तोच शब्द विशेषण आहे आणि 'डोळ्यांपुढे अंधारी आली'मध्ये नाम. वाचक क्षणभर घुटमळेल. पण इंग्रजी वाचकही 'डार्कलिंग'पाशी असाच घुटमळतो. जुन्या वळणाच्या ओळीत हा धोका मी खुशाल पत्करतो, आजच्या भाषेतल्या कवितेत मात्र नाही.

जॉन्सनचा शेरा वर सांगितला. त्या शेऱ्याच्या सहा वर्षं आधी, १७४९ मध्ये, त्याने स्वतःच्या एका दीर्घ कवितेत हा शब्द वापरला होता: असहाय माणसाने दैवाच्या लोंढ्यातून डार्कलिंग गडगडत जावं काय, असा तो सवाल आहे. इथला काळोख अज्ञानाचा आहे. मराठीत 'अंधार' हा शब्द हे काम सहज करतो, कारण आपणही 'मला अंधारात ठेवलं' म्हणतो. 'मला काळोखात ठेवलं' म्हटलं की कोणीतरी खोलीची कडी लावून घेतल्यासारखं वाटतं. अंधार आणि काळोख यांच्यातला हा फरक अनुवादकाने खिशात ठेवावा. अंधार डोक्यातला असू शकतो, काळोख बहुधा अंगाला लागतो. (कोकणातले वाचक यावर भांडतील. त्यांच्या रोजच्या बोलण्यात काळोखच सगळी कामं करतो. मी त्यांच्यातलाच असूनही मत बदलत नाही.)

बायरनकडे जरा वेगळंच घडतं. १८१६ चा उन्हाळा युरोपात आलाच नाही. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये आजच्या इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला होता, आणि त्याच्या राखेने सूर्य झाकोळला होता. जिनिव्हाच्या तळ्याकाठी मुक्कामाला असलेल्या बायरनने तेव्हा 'डार्कनेस' ही कविता लिहिली. तीत सूर्य विझतो आणि तारे अनंत अवकाशात डार्कलिंग भटकतात. ज्यांनी उजेड द्यायचा तेच बिनदिव्याचे. शब्दाचा मूळ अर्थ माहीत असेल तरच या ओळीतली भीती पोचते. 'काळेकुट्ट तारे' असं केलंत तर ती मेलीच.

आता कीट्स. मला विचाराल तर या शब्दाचं सोनं कोणी केलं असेल तर याने. 'ओड टू अ नाइटिंगेल' १८१९ च्या वसंतातली, कवीचं वय तेव्हा २३. आदल्या डिसेंबरात त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला होता. कीट्स स्वतः डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेला, त्यामुळे हा रोग काय करतो हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. 'डार्कलिंग आय लिसन' हे शब्द सहाव्या कडव्याच्या अगदी तोंडाशी येतात. पण त्यांची तयारी पाचव्या कडव्यात झालेली असते, आणि ते कडवं बाजूला ठेवून हा शब्द कळणं अशक्य आहे.

पाचव्या कडव्यात तो म्हणतो, माझ्या पायाशी कोणती फुलं आहेत ते मला दिसत नाही. फांद्यांवर कोणता मंद सुगंध लटकला आहे तेही दिसत नाही. मग तो एकेक गोड वास ओळखत जातो: गवत, झुडूप, रानातलं फळझाड, पांढरा हॉथॉर्न, पानांखाली कोमेजत चाललेले व्हायोलेट, उमलू घातलेला कस्तुरी गुलाब, आणि त्याभोवती उन्हाळी संध्याकाळी होणारी माश्यांची गुणगुण. डोळे बाद झाले आहेत, सगळा कारभार नाकाकडे आला आहे, आणि शेवटी माश्यांच्या गुणगुणीतून तो हळूच कानाकडे सरकतो. मग पुढचं कडवं उघडतं: डार्कलिंग, मी ऐकतो आहे. शब्द ओळीच्या सुरुवातीलाच टाकला आहे, कर्त्याच्याही आधी. आधी काळोख, मग मी, मग ऐकणं. आणि लगेच, विनायातना मरणाच्या आपण अर्धेमुर्धे प्रेमात पडलो आहोत अशी कबुली.

मिल्टनचं पाखरू अंधारात गात होतं. कीट्सने शब्द उचलला आणि ऐकणाऱ्याला लावला. आता अंधारात बसलेला कवी आहे, आणि पाखरू कुठे आहे ते त्याला दिसतच नाही.

गंमत अशी, की कीट्सचा मित्र चार्ल्स ब्राउन याने नंतर लिहून ठेवलं आहे, की त्या वसंतात त्यांच्या हॅम्पस्टेडच्या घराजवळ नाइटिंगेलने घरटं बांधलं होतं, आणि एका सकाळी कीट्स न्याहारीच्या टेबलाची खुर्ची उचलून हिरवळीवर प्लमच्या झाडाखाली जाऊन दोन-तीन तास बसला आणि कविता घेऊन परतला. म्हणजे ब्राउनचं खरं धरलं तर हा सगळा काळोख भर सकाळी, न्याहारीनंतर लिहिलेला आहे. माझ्या लेखी त्याने कवितेचं काही बिघडत नाही, पण वर्गात सांगायला मजा येते.

मला स्वतःला हे पाचवं कडवं कळलं ते पुस्तकातून नाही. लहानपणी दशावतार बघून वडिलांबरोबर परत येत होतो. मध्यरात्र उलटून गेलेली, आणि वाटेत बॅटरीचे सेल संपले. वडील म्हणाले, 'थांब, डोळे सरावू देत.' डोळे काही सरावले नाहीत, झाडी दाट होती. आम्ही चालत राहिलो, आणि मला हळूहळू कळायला लागलं की आपण कुठे आहोत हे कळतंय. काजूच्या मोहोराचा वास आला म्हणजे वरची बाग. मग शेणाचा आणि ओल्या गवताचा, म्हणजे पहिला गोठा. मग कोणाच्या तरी चुलीतल्या विझत्या राखेचा. घर येईपर्यंत मी एक वस्तू पाहिली नव्हती आणि एकदाही अडखळलो नव्हतो. पुढे कितीतरी वर्षांनी वर्गात ते कडवं समोर आलं तेव्हा मनात म्हटलं, अरे, हा तर वरच्या बागेतून चाललाय.

म्हणून कीट्ससाठी 'काळोख'च हवा, 'अंधार' नको. मी 'काळोखात मी कान देऊन' असं केलं होतं. 'क'ची पुनरुक्ती ओळीला धरून ठेवते, आणि 'ऐकतो' यापेक्षा 'कान देऊन'मध्ये डोळे गेल्यावर उरलेलं एकच दार जाणवतं. मात्र शब्दाचं पहिलं स्थान सोडू नका. 'मी काळोखात' केलंत की चाल बिघडली.

जाता जाता पाखराबद्दल. जुन्या अनुवादांत नाइटिंगेलचा कधी बुलबुल होतो, कधी कोकिळा. फारसीतला बुलबुल म्हणजे खरोखर नाइटिंगेलच, पण आपल्या अंगणातला शेंडीवाला बुलबुल हा निराळा पक्षी. आणि सरोजिनी नायडूंच्या 'नाइटिंगेल'ची आपण 'भारतकोकिळा' केली तेव्हापासून कोकिळेचा हक्कच लागला. पण आपल्या मनातली कोकिळा भर दुपारी आंब्यावर ओरडते, त्यामुळे काळोखाचा मुद्दाच निसटतो. मी सरळ 'नाइटिंगेल' ठेवतो.

मॅथ्यू अर्नॉल्डच्या 'डोव्हर बीच'मध्ये व्याकरण बदलतं, आणि तुमचा विशेषण-क्रियाविशेषणाचा गोंधळ इथूनच निघतो. ही कविता प्रसिद्ध झाली १८६७ मध्ये. शेवटी तो प्रेयसीला सांगतो की आपण जणू एका 'डार्कलिंग प्लेन'वर आहोत, एका मैदानावर, जिथे काही न कळणाऱ्या फौजा रात्री एकमेकींवर आदळत आहेत. आता मैदान कसं बिनदिव्याचं असेल? समजा, मराठी कवीने 'अनवाणी वाट' असं लिहिलं. वाट अनवाणी नसते, चालणारा असतो; विशेषण माणसावरून वाटेवर सांडलेलं आहे. अर्नॉल्डने हेच केलं. अंधारात आहेत ते सैनिक, शब्द सांडला मैदानावर. त्याच्या आधीही असा वापर झालेला आहे, पण ही ओळ इतकी गाजली की पुढच्या वाचकांना 'डार्कलिंग' म्हणजे 'अंधारत चाललेला' हाच अर्थ स्वाभाविक वाटू लागला.

या रात्रीच्या लढाईला मूळ आधार आहे. इसवी सनापूर्वी ४१३ मध्ये अथेन्सच्या सैन्याने सिसिलीत, सिराक्यूझजवळच्या एपिपोली पठारावर रात्री हल्ला केला. त्याचं वर्णन थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराने केलं आहे, आणि अर्नॉल्डचे वडील, रग्बी शाळेचे मुख्याध्यापक टॉमस अर्नॉल्ड, यांनी थ्युसिडिडीजचं संपादन केलं होतं. म्हणजे हे घरातलंच वाचन. आता त्या वर्णनातला तपशील बघा: त्या रात्री चांदणं लख्ख होतं. समोर माणूस आहे एवढं दिसत होतं, आपला की शत्रूचा ते कळत नव्हतं. परवलीचा शब्द सारखा विचारावा लागल्याने तो शत्रूलाही कळला. वर अथेन्सच्या बाजूच्या काही तुकड्यांचं रणगीत शत्रूच्या रणगीतासारखंच, त्यामुळे आपल्याच माणसांचं गाणं ऐकून अथेन्सवाल्यांची पाचावर धारण बसली. शेवटी मित्र मित्रांवरच तुटून पडले.

'डोव्हर बीच'चीही सुरुवात चांदण्यानेच होते. तेव्हा इथे 'काळ्याकुट्ट मैदानावर' असं कोणी केलं की मला राग येतो. दिसतं आहे, पण ओळखू येत नाही, असा हा अंधार. इथे 'अंधारलेलं' चालेल, तुमचाच शब्द. 'अंधारल्या माळावर' हे मला अजूनही बरं वाटतं. म्हणजे तुमचा शब्द चुकीचा नव्हता, पत्ता चुकला होता.

आता हार्डी. कवितेखाली तारीख आहे ३१ डिसेंबर १९००. पण ती 'द ग्राफिक' या साप्ताहिकात छापून आली २९ डिसेंबरला, आणि तेव्हा शीर्षक वेगळं होतं, साधारण 'शतकाच्या मृत्युशय्येपाशी' अशा अर्थाचं. 'डार्कलिंग' हा शब्द पुढे संग्रहात घेताना शीर्षकात आला. आणि कविता पुन्हा वाचा: बत्तीस ओळींत हा शब्द एकदाही नाही. हार्डीने तो फक्त दारावर टांगला आहे.

का, ते कवितेतच दिसतं. कीट्सचं पाखरू आपला आत्मा हर्षोन्मादात ओतत असतं. हार्डीचा म्हातारा, हडकुळा, वाऱ्याने पिसं विस्कटलेला कस्तुर वाढत्या काळोखावर आपला आत्मा भिरकावून देतो, आणि त्याच्याही गाण्याला 'एक्स्टॅटिक' हेच विशेषण आहे. शब्द तेच, पाखराची रया मात्र गेलेली. कीट्सने ऐकणाऱ्याला दिलेला 'डार्कलिंग' हार्डीने परत पाखराला देऊन टाकला. आणि कवी? तो फाटकाला टेकून उभा आहे. आसपासची सगळी माणसं आपापल्या घरच्या शेकोटीकडे गेली आहेत. पाखराला कसली तरी आशा ठाऊक असावी, मला ती ठाऊक नाही, असं म्हणून तो थांबतो. तेव्हा अंधारात दोघंही आहेत, फरक इतकाच की एकाला गाता येतं.

तुमचं 'अंधारलेला कस्तुर' इथे का फसतं? 'अंधारलेला' म्हणताच अंधार पाखराच्या अंगावर जातो, पाखरूच काळवंडल्यासारखं वाटतं. त्यात आपल्या सह्याद्रीतला शीळ घालणारा कस्तुर असतोच निळसर काळा. पावसाळ्यात भल्या पहाटे ओढ्याकाठी त्याची शीळ ऐकलेला मराठी वाचक तुमचं शीर्षक वाचून म्हणेल, बरोबर, रंगाचंच वर्णन आहे. हार्डीचा कस्तुर करडा-तपकिरी, छातीवर ठिपके असलेला.

पर्याय मी बरेच घासून पाहिले आहेत. 'तिमिरस्थ' वगैरे संस्कृत शब्द नकोत, ते पाखरू नाही, शिलालेख वाटतो. 'दिवेलागणीचा कस्तुर' मोहक आहे, कवितेत माणसं घराकडे गेलेलीही आहेत, पण ज्याच्याजवळ दिवा नाही त्याच्या नावातच दिवा लावायचा? 'कातरवेळचा कस्तुर' बरेच दिवस मनात होता. नाद उत्तम, वेळही बरोबर. पण कातरवेळेची हुरहूर ही बघणाऱ्याच्या मनातली, आणि हे पाखरू नेमकं हुरहूर धुडकावून गातं आहे. मी शेवटी 'काळोखातला कस्तुर'वर येऊन थांबलो. साधा आहे, 'क'चा ठेका आहे, आणि काळोख पाखराच्या अंगावर न जाता भोवती राहतो. मिल्टन आणि कीट्स मात्र त्यात येत नाहीत, ते येणारही नाहीत. चार ओळींची टीप द्या आणि पुढे जा.

हा शब्द आज कुठे जिवंत आहे म्हणाल, तर कवितेबाहेर एके ठिकाणी नक्की: किड्यांत. 'डार्कलिंग बीटल' हे भुंगेऱ्यांचं एक मोठं कुळ आहे, उजेड टाळणारं. पिठाच्या डब्यात होणारा तो बारीक तांबूस किडा याच कुळातला. अलीकडच्या इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांत 'डार्कलिंग' हे नाम होऊन एखाद्या काळोख्या प्राण्याचं किंवा खलनायकाचं नाव म्हणूनही येतं. तिथे मात्र ते दुसरं, पिल्लांचं 'लिंग' लोकांच्या कानात असतं.

एक शेवटची सूचना, आणि ती अनुभवाची. हा लेख किंवा टीप छापायला गेली की प्रूफ स्वतः बघा, दुसऱ्यावर सोडू नका. माझा हार्डीवरचा पहिला लेख एका नियतकालिकात आला तेव्हा जुळणाऱ्याला 'डार्कलिंग' हा शब्द चुकीचा वाटला आणि त्याने तो मोठ्या आस्थेने सगळीकडे दुरुस्त केला. अंक हातात आला तर पहिल्याच पानावर ठळक टायपात 'द डार्लिंग थ्रश'. घरी अजूनही तोच विषय निघतो.